रिलेचे पॉइंट चिपकतात म्हणजे नेमकं काय होतं

मे महिन्यातली नागपूरची दुपार, म्हणजे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, घरोघरी कूलर फुल स्पीडवर आणि त्या घरघरीत बाहेर काय चाललंय ते कोणालाच ऐकू येत नाही. अशात आमची गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली आणि मला पत्ताच नाही. पत्ता लागला तो शेजारच्या काकूंमुळे, कारण त्यांनी खाली अंगणात खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि आमच्या गच्चीच्या नळीतून पाणी धो धो सरळ त्यांच्यावर. पुढं काय बोलणी खाल्ली ते सोडा.

मजा म्हणजे मोटरला ऑटोमॅटिक लावलेलं आहे, दोन वर्षांपूर्वी हौसेनं मीच बसवलं, टाकी भरली की सेन्सरला पाणी लागतं आणि मोटर बंद. डबा उघडून पाहिला तर ‘मोटर चालू’वाला छोटा लाल लाईट चक्क बंद होता. म्हणजे सर्किटनं मोटर बंद करायला सांगून झालं होतं, सेन्सर बरोबर, सगळं बरोबर, पण मोटर आपली चालूच. मिस्त्रीभाऊ आले, त्यांनी डब्यातल्या निळ्या चौकोनी ठोकळ्यावर, म्हणजे रिलेवर, पेचकसाच्या मुठीनं एक टिचकी मारली, टक्, मोटर बंद.

“पॉइंट चिपकले भाऊ,” म्हणे. “दहा अँपियरच्या रिलेवर मोटर चालवून राह्यले तुमी, काहून नाही चिपकणार?”

आता मला हे लागलं, कारण मोटर एक एचपीची, चालताना पाच-सहा अँपियर घेते, रिलेवर स्पष्ट छापलंय १० अँपियर. मग चुकलं कुठं? या एका प्रश्नापायी मी रिलेच्या मागे लागलो आणि जे कळलं ते इथं लिहितोय, कारण रिलेवर जे काही लिहिलेलं सापडतं त्यात कॉइलचंच पुराण असतं, पॉइंटवर दोन ओळी, आणि बिघाड तर दरवेळी पॉइंटमध्येच होतो.

आधी रिले म्हणजे काय ते पटकन. लोखंडी खिळ्यावर तार गुंडाळून सेलला जोडली की खिळा चुंबक होतो, हे आपण सगळ्यांनी शाळेत केलंय. रिलेत तेच आहे. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्या मधोमध लोखंडाचा दांडा, समोर एक लोखंडी पत्ती, पत्तीला मागे खेचून धरणारी स्प्रिंग. कॉइलमध्ये करंट आला की पत्ती चुंबकाकडे ओढली जाते आणि तिच्या टोकाचा पॉइंट, म्हणजे वीज जोडणारं धातूचं बटण, समोरच्या पॉइंटवर जाऊन बसतो, करंट गेला की स्प्रिंग तिला परत नेते. तो जो टक् आवाज येतो तो या पत्तीचा. संध्याकाळी व्होल्टेज खालीवर व्हायला लागलं की एसीचा स्टॅबिलायझर भिंतीवर टकटक करत बसतो ना, ते आतले रिलेच ट्रान्सफॉर्मरच्या एका टॅपवरून (जोडणीवरून) दुसऱ्या टॅपवर उड्या मारत असतात.

बाहेर पाय पाच. दोन कॉइलचे आणि तीन पॉइंटचे, कॉमन (हा पत्तीचा), एनओ आणि एनसी. एनओ म्हणजे नॉर्मली ओपन, एनसी म्हणजे नॉर्मली क्लोज्ड, आणि इथं नॉर्मल म्हणजे कॉइलला करंट नसताना, एवढंच ध्यानात ठेवा, इथं नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो, ‘नॉर्मल’ म्हणजे मशीन चालू असताना असं वाटतं त्यांना. मोटर एनओवर लावायची, म्हणजे सर्किट मेलं तरी मोटर बंद राहते. निदान राहायला पाहिजे.

यातली खरी कमाल अशी की कॉइल आणि पॉइंट यांच्यात विजेची एकही तार नाही. माझ्या त्या निळ्या रिलेची कॉइल १२ व्होल्टची, साधारण ४०० ओहमची, म्हणजे करंट फक्त ३० मिलीअँपियर, अर्धा वॉटसुद्धा नाही. तेवढ्यावर ती पत्ती हलवते आणि पलीकडे २३० व्होल्टची मोटर चालू-बंद होते. इकडची वीज तिकडच्या विजेला शिवत नाही, नुसता निरोप जातो. रिले हे नावसुद्धा तिथूनच आलंय, जुन्या काळी टपाल नेताना टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे तयार ठेवायचे, दमलेला घोडा सोडायचा आणि थैली ताज्या घोड्यावर, त्या घोडे बदलायच्या पद्धतीचं नाव रिले. अमेरिकेत जोसेफ हेन्री यानं १८३५ च्या सुमारास हीच युक्ती विजेला लावली. लांबच्या तारेतून करंट येईपर्यंत मरतुकडा होतो, पण पत्ती हलवण्यापुरता जीव त्यात असतो, मग पत्ती पुढच्या बॅटरीचं सर्किट जोडते आणि ताजा करंट पुढं पळतो. टेलिग्राफ लांब पल्ल्यावर गेला तो या जोरावर. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तिच्यातला तो घोडा माझ्या डब्यात बसून मोटर चालवत होता.

कॉइलचं एवढं पुरे. आता पॉइंट.

मी तो रिले हॅक्सॉ ब्लेडनं कापून उघडला (सर्किटमधून काढून, हे सांगायला नको). आतले पॉइंट म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून लहान दोन गोल बटणं, एक पत्तीवर, एक खालच्या पायावर. मधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कागदाच्या चार-पाच घड्या जातील इतकीच. नवीन रिलेत हे पॉइंट चकचकीत पांढरे असतात, चांदीचेच म्हणा. माझे कोळशागत काळे पडलेले, एका बटणावर मधोमध खड्डा आणि दुसऱ्यावर बरोब्बर त्याच जागी टेकाड. मिस्त्रीभाऊंच्या टिचकीनं जे तुटलं होतं ते हे टेकाड होतं, वेल्डिंग केलेला टाका तुटावा तसं.

दोन सपाट बटणं एकमेकांवर बसली की सगळा पृष्ठभाग टेकतो असं वाटतं आपल्याला, पण तसं नसतं. धातू कितीही गुळगुळीत दिसला तरी बारकाईनं बघितला तर डोंगर-दऱ्याच असतात, त्यामुळे टेकतात फक्त काही उंच टोकं, दोन-चार, फार तर थोडी जास्त. सगळा करंट त्या टोकांतूनच जातो. दिवाळीच्या आधी बर्डीच्या मेन रोडवरची गर्दी जेव्हा एखाद्या दुकानाच्या अर्ध्या उघडलेल्या शटरमधून आत घुसते तेव्हा जी रेटारेटी होते, तशी त्या टोकांवर करंटची होते, आणि तिथं उष्णता तयार होते. पॉइंट चांगले असले तर रेझिस्टन्स काही मिलीओहम, काही बिघडत नाही. पण काळे पडून तो ५० मिलीओहम झाला तर ६ अँपियरला जवळपास पावणेदोन वॉट उष्णता, तीही ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. जुन्या रिलेचा डबा तपकिरी पडलेला, वास मारणारा दिसतो तो याच्यामुळे.

आता माझी चूक. माझा समज होता की पॉइंटचं नुकसान होतं ते सुटताना, ठिणगी पडते तेव्हा. ते खरं आहे, पण अर्धं. पॉइंट झिजतात ते मुख्यतः सुटताना आणि चिपकतात ते मुख्यतः जुळताना. दोन वेगळे रोग आहेत हे.

जुळताना काय होतं, तर पत्ती येऊन आदळते आणि उसळते. कॅरमचा स्ट्रायकर कडेला आपटून जसा परत येतो तशी. काही मिलिसेकंदांत तीन-चार वेळा लागते-सुटते-लागते, मग शांत होते. याला बाउन्स म्हणतात. आपल्याला एकच टक् ऐकू येतं. प्रत्येक उसळीला छोटी ठिणगी, ठिणगीनं चांदीचा तो बारका ठिपका वितळतो (चांदी ९६२ अंशांना वितळते, ठिणगी त्याच्या कितीतरी वर असते), आणि वितळलेल्या ठिपक्यावर पत्ती पुन्हा येऊन बसते, चांदी थिजते, झालं वेल्डिंग. एरवी हा टाका इतका कच्चा असतो की स्प्रिंग त्याला सहज तोडते. पण नेमक्या त्याच क्षणी मोटर काय करत असते? उभी असते. आणि उभी मोटर चालू होताना चालत्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. म्हणजे माझी सहा अँपियरची मोटर त्या अर्ध्या सेकंदात तीस-पस्तीस अँपियर घेत होती, आणि बाउन्सचे ते काही मिलिसेकंद सगळेच्या सगळे त्याच्यातच येतात. टाका पक्का बसला, आणि त्या एवढ्याशा रिलेची स्प्रिंग ती किती, तिच्याच्यानं तुटला नाही.

रिलेवर लिहिलेलं १० अँपियर खोटं नव्हतं. ते रेझिस्टिव्ह लोडसाठी असतं, म्हणजे गीझर, इस्त्री, हीटरची कॉइल, जिथं चालू करताना आणि चालताना करंट जवळपास सारखाच. मोटरला तोच आकडा लावायचा नसतो. आणि फक्त मोटरच नाही, जुना पिवळा बल्बसुद्धा असाच, थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्याच्या दहा-पंधराव्या हिश्श्याइतका असतो त्यामुळे सुरुवातीचा झटका तेवढाच पट. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये पुढंच वीज साठवणारा कपॅसिटर बसलेला असतो, तो रिकामा असतो तोवर क्षणभर शॉर्टसारखाच वागतो. नुसते चाळीस वॉटचे एलईडी आहेत म्हणून लोक बारका रिले लावतात आणि महिन्यात लाईट बंदच होईना म्हणून बोंबलतात.

माहितीपत्रकात आणखी एक आकडा असतो, आयुष्याचा. अशा रिलेची पत्ती नुसती हलवली, लोड न लावता, तर साधारण एक कोटी वेळा हलते. पूर्ण लोडवर मात्र एक लाख वेळा. मी हिशोब केला होता बसवताना, दिवसाला दोनदा टाकी भरायची, वर्षाचे ७३० वेळा, म्हणजे एक लाख व्हायला १३७ वर्षं, नातवंडांच्या नातवंडांनासुद्धा पुरेल म्हटलं. पुरला दोन वर्षं. तो लाखाचा आकडासुद्धा हीटरसारख्या लोडचा होता, हे खाली बारीक अक्षरात होतं.

आता दुसरा रोग, सुटतानाचा. पॉइंट दूर होऊ लागले की शेवटचं टोक सुटताना तिथली चांदी वितळते, उकळते, आणि फटीत तापलेल्या वायूचा दोरा तयार होतो ज्याच्यातून करंट वाहतच राहतो. हाच आर्क. चांदीच्या पॉइंटला साधारण १२ व्होल्ट आणि अर्ध्या अँपियरच्या जवळपास मिळालं की आर्क टिकू शकतो, म्हणजे स्कूटरच्या बॅटरीवरसुद्धा. मोटर किंवा कॉइल असेल तर जास्तच, कारण त्यांना करंट अचानक तुटलेला चालत नाही, त्या व्होल्टेज वाढवून वाढवून तो ढकलत राहतात.

आता रिलेच्या डोक्यावर काय छापलंय ते एकदा नीट वाचा. १० अँपियर २५० व्होल्ट एसी, आणि त्याच्याच शेजारी १० अँपियर ३० व्होल्ट डीसी. तोच रिले, तेच पॉइंट, तीच फट, मग एसीला अडीचशे आणि डीसीला फक्त तीस? कारण आपल्या घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, दर १० मिलिसेकंदांनी. आर्क कितीही भडकला तरी पुढच्या शून्याला त्याचा जीव जातो, तोवर पॉइंट लांब गेलेले असतात, परत पेटत नाही. डीसीला शून्य नाहीच. आर्क पेटला की पेटलेलाच, फट पुरेशी लांब होईपर्यंत तो जळत राहतो, आणि अर्ध्या मिलिमीटरची फट त्याला कुठून पुरणार, तो पॉइंट खातो, मग प्लास्टिक खातो.

हे आता मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे घरोघरी गच्चीवर सोलर बसतंय, पॅनल ओळीनं जोडले की डीसी काही शे व्होल्ट होतं, आणि काही लोक तिथं घरातला एसी करंटचा स्विच किंवा रिले ठोकून मोकळे होतात, ‘व्होल्टेज तर तेवढंच आहे ना’ म्हणून. तेवढंच नाहीये हो. डीसीसाठी बनवलेल्या कॉन्टॅक्टरमध्ये (कॉन्टॅक्टर म्हणजे मोठ्या भाराचा दणकट रिलेच) फट मोठी असते, बऱ्याचदा शेजारी चुंबक बसवलेले असतात, ते आर्कला बाजूला ओढून ताणतात आणि तोडतात.

चांदी नुसती वापरली तर चिपकते जास्त, म्हणून त्यात दुसरं काहीतरी मिसळतात. बरीच वर्षं चांदी आणि कॅडमियम ऑक्साइड चालायचं, पॉइंट म्हणून ते झकासच, पण कॅडमियम विषारी, त्यामुळे आता चांदी आणि टिन ऑक्साइड जास्त दिसतं. मिस्त्री लोक जुन्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट फेकत नाहीत, भंगारात चांदीच्या हिशोबानं जातात ते.

चिपकूच नये अशी खरी सोय मात्र रेल्वेच्या सिग्नलमध्ये पाहावी. नागपूरला दिल्ली, मुंबई, हावडा, चेन्नई, चारी बाजूच्या लाईनी येऊन मिळतात, आणि सिग्नलचा रिले चिपकला तर लाल व्हायचा सिग्नल हिरवा राहील, म्हणजे कुरडयांवर भागणार नाही. म्हणून भारतीय रेल्वेच्या सिग्नलच्या बऱ्याच रिलेंमध्ये एका बाजूला चांदी आणि दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइट असतं, चांदी मुरवलेला कार्बन. कार्बन वितळत नाही, त्यामुळे वेल्डिंगचा प्रश्नच येत नाही. बदल्यात रेझिस्टन्स जास्त येतो, रिले अगडबंब होतो, महाग पडतो, पण तिथं तो सौदा बरोबर आहे. माझ्या टाकीला नाही परवडणार.

एक उलटी गंमतही आहे. जास्त करंटनं पॉइंट मरतात तसे कमी करंटनंही मरतात. कपाटात ठेवलेले चांदीचे पैंजण काळे पडतात ना, हवेतल्या गंधकामुळे, तशीच काळी साय पॉइंटवर चढते. मोठा लोड असेल तर प्रत्येक वेळच्या बारक्या ठिणगीनं ती जळून साफ होते, म्हणजे ठिणगी थोडी कामाचीही आहे. पण सेन्सरचा नाहीतर ऑडिओचा दोन-चार मिलीअँपियरचा सिग्नल असेल तर त्याच्यात ती साय फोडायची ताकद नसते, रिले टक् वाजतो आणि पलीकडे काहीच पोचत नाही. म्हणून अशा बारक्या सिग्नलच्या रिलेत (रेल्वेच्या नव्हे) पॉइंटवर सोन्याचा मुलामा असतो. त्यावर कोणी हौसेनं पॉलिश पेपर मारला तर सोनं गेलं. आणि असा रिले एकदा जरी मोठ्या लोडवर चालवला तरी सोनं जळून जातं, नंतर परत सिग्नलला लावायचा नाही.

आपल्या गावाचं ऊन कॉइललाही सोडत नाही बरं. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. १२ व्होल्टचा रिले २० अंशांना ९ व्होल्टवर ओढून घेतो म्हणा, पण नवतपात गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यात, आणि कॉइलची स्वतःची गरमी धरून, ती ७० अंशांला सहज जाते, रेझिस्टन्स वीस टक्क्यांनी वाढतो, आता तिला पावणेअकरा व्होल्ट पाहिजेत. अडॉप्टर हलका असला आणि लाईनचं व्होल्टेज पडलं की तेवढे मिळत नाहीत. मग पत्ती धड ओढतही नाही आणि सोडतही नाही, फडफडते, आणि फडफड म्हणजे बाउन्सच बाउन्स. डबा सावलीत लावा, एवढा साधा उपाय आहे, मी लावला नव्हता.

आणि मुंग्या. कॉन्टॅक्टर उघडला की पॉइंटच्या मध्ये चिरडलेल्या मुंग्या निघतात, हे कुठल्याही मोटर रिवाइंडिंगवाल्याला विचारा. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क टू या रिलेवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये पॉइंटच्या मधे पतंग अडकलेला सापडला होता, तो त्यांनी वहीत चिकटवून ठेवला, खाली लिहिलं की ‘बग’ प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ. आमच्याकडे एवढ्या सापडतात की वही पुरायची नाही.

तर शेवटी केलं काय. मिस्त्रीभाऊंनी रिले तोच ठेवला, म्हणजे तसाच नवीन लावला, पण मोटर त्याच्यावरून काढली. आता रिले फक्त एका कॉन्टॅक्टरची कॉइल चालवतो, जी अगदीच थोडा करंट घेते, आणि मोटरचा सगळा भार कॉन्टॅक्टरच्या जाड पॉइंटवर. परत तेच, दमलेल्या घोड्यावरून ताज्या घोड्यावर थैली. कॉन्टॅक्टर घेताना त्यावर एसी-१ आणि एसी-३ असे दोन आकडे असतात, पहिला हीटरसाठी, दुसरा मोटरसाठी, दुसराच बघायचा, दुकानदार मोठा आकडा दाखवतो. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला एक कपॅसिटर आणि रेझिस्टन्सचा स्नबर लावला, म्हणजे तिचा सुटतानाचा झटका बिचाऱ्या छोट्या पॉइंटवर येत नाही. रिलेच्या स्वतःच्या डीसी कॉइलला उलटा डायोड, तो साधा ४००७ नंबरचा, आधीपासून होता, नाहीतर कॉइल बंद होताना शेकडो व्होल्टचा झटका देऊन तिला चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर मारते. फक्त त्या डायोडमुळे पत्ती जराशी आळसावून सुटते, म्हणजे आर्कला तेवढा वेळ जास्त मिळतो, पण आता त्या पॉइंटवर भारच नाही तर मी ते सोडून दिलं.

स्वतः डबा उघडणार असाल तर मेन बंद करून टेस्टर लावून बघा आधी, आणि रिलेवरच्या लाईटवर विश्वास ठेवू नका, तो लाईट कॉइलचं सांगतो, पॉइंटचं नाही. पॉइंट चिपकलेत का ते बघायला रिले बाहेर काढून कॉमन आणि एनओवर मल्टीमीटर लावायचा, कॉइलला काही न देता बीप वाजला तर चिपकलेत.

नवीन कॉन्टॅक्टर मात्र टक् वाजत नाही, धाडकन वाजतो, भिंतीपलीकडे काकूंना ऐकू जातो. परवा कुरडयांची दुसरी खेप घातली त्यांनी, आणि दुपारी दोनला तो धाडकन वाजला की त्या अंगणात येऊन गच्चीच्या नळीकडे बघत उभ्या राहतात, परत धाडकन वाजेपर्यंत.